सव्वापट वजन

त्या माणसाची मी अजून माफी मागितलेली नाही, हे आधीच सांगून टाकते.

सकाळी सातची बस सुटत होती आणि मी तिच्यामागे धावत होते. चार पावलं राहिली तेव्हा जोर लावला, आणि उजव्या टाचेच्या वर कुणीतरी मागून सणसणीत लाथ हाणली. आवाजसुद्धा आला, फट्ट! मी गर्रकन वळले. "मेल्या, डोळे फुटले का तुझे? बाईमाणसाला लाथ मारतोस?" मागे एक साठीचे गृहस्थ, हातात कोबीची पिशवी, माझ्यापासून चांगले दहा हात लांब. "बाई, मी तर इथे उभा आहे," एवढंच ते म्हणाले. "खोटं बोलू नका," म्हणत मी त्यांच्याकडे निघाले, तर उजवा पाय जमिनीला टेकला पण पुढे रेटायलाच तयार होईना. फूटपाथवर बसकण मारली. बस गेली. गृहस्थांनी मला रिक्षात बसवून दिलं आणि मी त्यांना रिक्षातूनसुद्धा दोन शब्द सुनावले.

मी क्रेन चालवते. पोलादाच्या यार्डातली मोठी क्रेन, तिची केबिन सात मजले उंचावर आहे. वर जायला लिफ्ट नाही, एक उभी लोखंडी शिडी आहे, अडुसष्ट गजांची. गजावर पावलाचा फक्त पुढचा भाग मावतो, टाच हवेत राहते, आणि त्या पुढच्या भागावर सगळं अंग रेटत वर न्यायचं. सतरा वर्षं मी ती शिडी चढले. यार्डात मला सगळे 'वरच्या बाई' म्हणतात. खाली माझं कुणी फारसं ऐकत नाही, घरी तर विचारूच नका. पण वर खुर्चीत बसले की बारा टनांचा गठ्ठा मी म्हणेन तिथे, मी म्हणेन तेव्हा, अलगद टेकतो. मला त्या खुर्चीचं व्यसन आहे, कबूल करते.

पहिले दोन दिवस मी पाय मुरगळलाय म्हणून बर्फ लावत बसले. बोटं हलत होती, पाऊल हलत होतं, म्हणजे तुटलं काहीच नाही, असा माझा हिशोब. आमचे हे घड्याळं दुरुस्त करतात. दिवसभर डोळ्याला भिंग लावून बसतात, त्यामुळे बोलणं कमी आणि बघणं जास्त. तिसऱ्या दिवशी मी पालथी पडले होते, तर त्यांनी माझ्या दोन्ही टाचांच्या वर बोट फिरवलं आणि म्हणाले, "अगं, डाव्या पायाला इथे दोरी लागते. उजव्याला खड्डा आहे."

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी मला पालथं झोपवलं, पावलं पलंगाबाहेर. डावी पोटरी दाबली, डावं पाऊल टुणकन हललं. उजवी पोटरी दाबली, उजवं पाऊल ढिम्म. "टेंडन तुटलंय," डॉक्टर म्हणाले. "पोटरीला टाचेशी बांधणारी दोरी. पूर्ण तुटलीय. तुटताना मागून लाथ बसल्यासारखंच वाटतं. आणि तुम्ही तीन दिवस त्यावर चाललात?"

"माझी बोटं हलत होती," मी म्हटलं.

"बोटांच्या दोऱ्या वेगळ्या असतात."

तुटण्याचं मला फार वाटलं नाही, 'दोरी' या शब्दाने मी हादरले. क्रेनच्या तारेच्या दोराशी माझा सतरा वर्षांचा संबंध. आमच्याकडे दोर तुटका निघाला तर त्याला कुणी टाके घालत बसत नाही. कापून भंगारात टाकतात.

डॉक्टरांनी मात्र टाके घातले. ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी यार्डाचे साहेब फळं घेऊन भेटायला आले. बरं वाटलं का वगैरे झाल्यावर खाली बघत म्हणाले, "बाई, नियम तुम्हाला माहीत आहेच. नऊ महिने जागा राखून ठेवतो. तोवर बदली ऑपरेटर बघेल. नऊ महिन्यांत फिटनेसची परीक्षा दिलीत तर खुर्ची तुमची. नाहीतर खाली स्टोअरमध्ये बसा, पगार तोच."

"स्टोअरमध्ये मी काय करू? नटबोल्ट मोजू?"

"पगार तोच," साहेब पुन्हा म्हणाले. त्यांचं सफरचंद मी त्यांच्या देखत खाल्लं नाही.

मग आला तो बूट. गुडघ्यापर्यंतचा, पट्ट्यांचा, आत टाचेखाली तीन पाचरी घातलेला, म्हणजे टाच उंच राहते आणि जोडलेली दोरी ताणली जात नाही. दर दोन आठवड्यांनी एक पाचर काढायची. त्या पाचरी काढणारी फिजिओथेरपिस्ट जेमतेम तिशीची, काडीसारखी, आणि पहिल्याच दिवशी मला म्हणाली, "या काकू."

"काकू कुणाला म्हणतेस? तुझ्याएवढी असताना मी चाळीस फूट वर लटकून ग्रीस लावत होते."

"बरं काकू. आता झोपा आणि पाऊल हळूच खाली दाबा."

तिच्या डोक्यावर मिऱ्या वाटायच्या म्हटलं तर ती खलबत्ताच पळवून नेईल अशी बाई. मी चिडायचे, ती हसायची आणि तेच परत करायला लावायची. शेवटची पाचर निघाली, मग बूट निघाला, नववा आठवडा उजाडला. आता साध्या बुटात, टाचेखाली जाड गादी ठेवून सपाट चालायचं, आणि खुर्चीत बसून दोन्ही टाचा उचलायच्या. बसून! लहान मुलीसारखं. "उभं राहून कधी?" मी विचारलं. "मी सांगेन तेव्हा," ती म्हणाली.

आता माझा मूर्खपणा ऐका. असा मूर्खपणा फक्त क्रेनवालेच करू शकतात.

क्रेनवर नवा दोर चढवला की कुणी लगेच कामाला लागत नाही. आधी परीक्षेचं वजन टांगतात. रोज जेवढं उचलायचं त्याच्या सव्वापट. ते हवेत दहा मिनिटं लटकत ठेवायचं. दोर टिकला तर पास, मग त्यावर डोळे मिटून विश्वास. सतरा वर्षं मी हे करत आले आणि सतरा वर्षं रात्री शांत झोपले. या दोरीवर मात्र कुणी वजन टांगून बघितलंच नव्हतं. तिचा भरवसा कसा धरायचा? पायरी उतरताना वाटायचं, आत्ता तुटेल. शेवटी एका दुपारी हे दुकानात गेल्यावर मी हिशोब केला. माझं वजन चौसष्ट किलो. सव्वापट म्हणजे ऐंशी. सोळा किलो कमी पडत होते. दहा किलोचं पीठ घरात होतं, आणि यांची जुनी हत्यारांची पेटी सहा किलोची. पीठ पोटाशी धरलं, पेटी त्यावर ठेवली, स्वयंपाकघराच्या पायरीच्या कडेला उजव्या पावलाचा पुढचा भाग ठेवला आणि डावा उचलला.

टाच खाली गेली. थांबायला हवी होती तिथे थांबली नाही, आणखी खाली गेली. आत गरम सळई फिरवल्यासारखं झालं आणि मी पिठासकट आडवी झाले.

हे घरी आले तेव्हा मी पांढरी फटक बसलेले, जमीन पांढरी, आणि घड्याळाचे बारीक स्क्रू सगळ्या पिठात. एकवीस वर्षांच्या संसारात या माणसाने आवाज चढवलेला मी ऐकला नव्हता. त्या दिवशी ऐकला. "तू माणूस आहेस! क्रेन नाहीस तू! कुणी सांगितलं होतं तुला पास-नापास करायला?" आणि मग तिथेच पिठात बसले आणि माझा पाय मांडीवर घेऊन रडायला लागले. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

सोनोग्राफीत कळलं की टाके टिकलेत, पण काही तंतू फाटलेत, दोरी थोडी लांबलीय. पुन्हा चार आठवडे बूट, पाचरींसकट. नऊ महिन्यांतले सव्वातीन महिने मी असे घालवले. फिजिओ मला रागावेल असं वाटलं होतं. ती रागावली नाही. स्टूल ओढून समोर बसली आणि म्हणाली, "मला तुमचा तो दोर समजावून सांगा."

मी सांगितलं. सव्वापट, दहा मिनिटं, पास.

"आणि पास झाल्यावर? वापरून वापरून तो दोर जाड होतो का?"

"जाड कसा होईल? झिजतो. म्हणून तर बदलतात."

"हा झिजत नाही काकू, हा वाढतो. पण खायला घालाल तसा. भार हेच त्याचं खाणं. एकदम ताटभर कोंबलंत तर ओकणार. आज थोडा, परवा थोडा जास्त, आणि मध्ये एक दिवस पचायला. जास्त झालं का ते लगेच कळत नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी कळतं. पलंगावरून उतरून पहिली दहा पावलं कशी पडतात ते बघा."

मी तिच्याकडून कागद मागितला आणि ते सगळं लिहून घेतलं. मी वाद घातला नाही म्हणून तीच घाबरली आणि पाणी आणून दिलं.

त्या दिवसापासून मी कानाला खडा लावला. क्रेन सुरू करण्याआधी आम्ही रोज सकाळी तपासणी करून वहीत लिहितो, तशी मी पायाची वही केली. पलंग ते मोरी दहा पावलं. 'ताठर', 'थोडी ताठर', 'बरी'. ताठर असली की त्या दिवशी भार कमी. बूट निघाल्यावर बसून टाचा उचलल्या, गुडघ्यांवर पिठाचीच पिशवी ठेवून. मग टेबल धरून उभ्याने, दोन्ही पायांवर. मग दोन्हीवर चढून एकट्या उजव्यावर उतरायचं, सावकाश, पाच मोजत. उजवी पोटरी डावीपेक्षा चार बोटं बारीक झाली होती, तिच्याकडे बघवत नव्हतं. हे रोज संध्याकाळी दुकानातून एक टिकटिक करणारं घड्याळ आणून समोर ठेवायचे आणि म्हणायचे, "याच्या तालावर कर. तुझ्या तालावर नको, तुझा ताल मला माहीत आहे."

यार्डातून शिट्टीचा फोन यायचा. शिट्टी म्हणजे माझा सिग्नलवाला. खाली उभा राहून हाताने खुणा करतो, वॉकीटॉकीवर बोलतो, आणि तोंडात कायम शिट्टी. आमचा एक दिवस भांडणाशिवाय गेला नाही. तो म्हणायचा, "बदलीवाला माणूस भला आहे हो, शिव्या देत नाही. पण गठ्ठा झुलवतो. मला दिवसातून चार वेळा उड्या माराव्या लागतात. या लवकर." फोन ठेवल्यावर मी आणखी दहा टाचा मारायला उठायचे आणि हे वही दाखवून मला खाली बसवायचे.

सहा महिने संपले तरी एकट्या उजव्या पायावर टाच उचलली जात नव्हती. एक सूतही नाही. मी मेंदूतून हुकूम सोडायचे, पोटरी थरथरायची, टाच जमिनीला चिकटलेली. फिजिओ टाचेखाली कागद सरकवून ठेवायची. "कागद ओढला आणि निघाला, तर उचललीत असं समजू." तीन आठवडे रोज कागद फाटून हातात यायचा. त्या दिवसांत मी हातपाय गाळले होते, खोटं कशाला बोलू. एक दिवस साहेबांना फोन लावला, स्टोअरची जागा बघून ठेवा म्हणायला. त्यांचा फोन लागला नाही. दुसऱ्यांदा लावला नाही, एवढंच माझ्या हातून शहाणपणाचं झालं.

चौथ्या आठवड्यात एका मंगळवारी फिजिओने कागद ओढला आणि तो निघाला. अख्खा. आम्ही दोघी त्या कागदाकडे बघत राहिलो. "परत," ती म्हणाली. परत निघाला. मग ती काडी मला मिठी मारून नाचायला लागली आणि मी ओरडले, "अगं सोड, पडेन ना मी!"

एकावरून चारावर यायला दहा दिवस लागले. पुढे नऊवर पोचले. मग अकरावर गाडी रुतली, वही 'ताठर, ताठर' म्हणायला लागली, चार दिवस काही केलं नाही, आणि पाचव्या दिवशी चौदा निघाले. परीक्षेला वीस लागणार होते. आठवडा राहिला तेव्हा मी अठरावर होते.

परीक्षेच्या दिवशी सकाळी वहीत 'बरी' लिहिलं आणि निघाले. यांनी दुकान बंद ठेवलं. फिजिओने रजा काढली. यार्डात साहेब होते, हात बांधून बदली ऑपरेटर उभा होता, शिट्टी होता, आणि कंपनीचे डॉक्टर हातात फॉर्म घेऊन. आधी एका पायावर वीस टाचा, मग शिडी, वर, खाली, पुन्हा वर. दुसऱ्यांदा वर पोचलात की तिथूनच शिफ्ट सुरू.

भिंतीला दोन बोटं टेकवली आणि सुरुवात केली. दहापर्यंत मजेत. पंधराला पोटरी पेटली. अठरा. एकोणीस मी आयुष्यात कधी केले नव्हते. एकोणीस. वीस. अंगात आलं होतं, एकवीस, बावीस. टाच टेकवली आणि वळून बघितलं. डॉक्टर पाठमोरे, कानाला फोन, "हो हो, पाठवतो संध्याकाळी" चाललेलं.

फोन खिशात टाकत ते वळले. "हं. किती झाले?"

"बावीस!" फिजिओ, हे आणि शिट्टी एकदम ओरडले.

"मी मोजले नाहीत हो. मी मोजले पाहिजेत, सही माझी आहे. परत करा."

सतरा वर्षं मला ओळखणारी माणसं ती. शिट्टीने तर दोन पावलं मागे घेतली. माझ्या ओठांवर काय काय आलं होतं ते इथे लिहिता येणार नाही. फिजिओने माझा दंड घट्ट धरला होता, तिची नखं रुतत होती.

"करते," मी म्हटलं. "पण दहा मिनिटं बसणार. नुकताच भार पडलाय, तो उतरू द्यायला लागतो. तुम्ही डॉक्टर आहात, तुम्हाला माहीत असेलच."

मी दहा मिनिटं एका ड्रमवर बसले. यांनी खिशातलं घड्याळ हातात धरलं होतं. मग उठले, दोन बोटं भिंतीला लावली, आणि या वेळी डॉक्टर माझ्या टाचेसमोर उकिडवे बसले. पाच. दहा. तेराला पोटरीने हाक मारली. सोळाला पाय लटलटला, सतरा अर्ध्यावरून परत आला, डॉक्टर म्हणाले हा धरत नाही, मी म्हटलं नका धरू, आणि सतरावा परत केला. अठरा. एकोणीस. मला फक्त यांच्या घड्याळाचं टिकटिक ऐकू येत होतं. वीस.

"वीस," डॉक्टर म्हणाले आणि उठायला लागले.

"थांबा," मी म्हटलं, आणि एकविसावा त्यांच्या डोळ्यांत बघत केला.

शिडीपाशी पोचले तेव्हा पाय जड झाला होता, पण दुखत नव्हता. यातला फरक मला नऊ महिन्यांत नीट कळला होता. पट्टा बांधला. पहिल्या गजावर उजव्या पावलाचा पुढचा भाग ठेवला आणि रेटलं. अंग वर गेलं. सहज गेलं. अडुसष्ट गज वर, अडुसष्ट खाली. खाली आल्यावर फिजिओने पोटरी दाबून बघितली, मान हलवली, आणि पहिल्यांदाच म्हणाली, "जा ताई." मी पुन्हा चढले. चाळिसाव्या गजापाशी थांबून श्वास घेतला, कारण घ्यायचा होता म्हणून, भीतीने नाही. खाली डॉक्टर फॉर्मवर सही करताना दिसले, मुंगीएवढे.

केबिनचं दार उघडलं. खुर्ची बदलीवाल्याने त्याच्या लांब टांगांसाठी मागे सरकवलेली होती. मी खालचा खटका दाबून ती पुढे ओढली, दोन खाचा, तीन खाचा, माझ्या जागेवर. बसले. काचेतून सगळं यार्ड समोर आलं. 'पोचले' सांगायला वॉकीटॉकी उचलला, बटण दाबलं, आणि रडू फुटलं. असं तसं नाही, हुंदके देऊन, नाक वाहेपर्यंत, त्या नऊ महिन्यांसाठी, त्या पिठासाठी, यांच्यासाठी. किती वेळ रडले कुणास ठाऊक.

मग वॉकीटॉकी खरखरला.

"बाई," शिट्टीचा आवाज आला, "तुम्ही बटण दाबून रडताय. सगळ्या यार्डाने ऐकलं. साहेबांनी पण." त्याचाही आवाज नीट नव्हता. "झालं असेल तर हुक खाली घ्या. बारा टन आहे, आणि मला आज उड्या मारायच्या नाहीत."

मी नाक पुसलं.

"घेते," म्हटलं, आणि हुक सोडला.